बेने इस्राएलांची ग्रंथनिष्ठा

लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना आमच्या कुसगावच्या बुरशीविषयी वेगळे सांगावयास नको. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चामड्याचा जोडा, लाकडी पेटी, भिंतीवरची तसबीर, काही म्हणता काही तिच्या तावडीतून सुटत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळी संध्याकाळी एका कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी मी गेलो होतो. वाचनासाठी त्या घरातलेच बायबल घ्यावे, अशी माझी पद्धत आहे. ते मागताच घरातील बाईंनी काचेच्या कपाटातून, चिनी मातीच्या बाहुल्यांच्या मागून, एक जाडजूड बायबल काढून माझ्या हाती दिले. लग्नात भेट मिळालेले होते. त्यावरचे प्लास्टिकचे वेष्टन अद्याप तसेच होते. "फादर, खराब होऊ नये म्हणून उघडलंच नाही हो," त्या संकोचून म्हणाल्या.

मला हसू आले, पण ते घरी पोचेपर्यंत टिकले नाही. सेमिनरीत असताना मी दोन वर्षे हिब्रू शिकलो होतो. त्या दिवसांतील माझे हिब्रू बायबल कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, एवढे मला ठाऊक होते. त्या रात्री ते खाली काढले. कापडी बांधणीवर हिरवट बुरशी चढली होती आणि स्तोत्रसंहितेची काही पाने एकमेकांना चिकटली होती. त्या बाईंनी आपला ग्रंथ निदान कोरडा तरी ठेवला होता.

एखाद्या धर्मनिष्ठ यहुद्याच्या घरी असे घडले असते तर त्याने काय केले असते, हा विचार तेव्हा मनात आला. ग्रंथ हातून खाली पडला तर तो उचलून त्याचे चुंबन घेण्याची त्यांची रीत आहे. एका ग्रंथावर दुसरा ठेवायचा असेल तर मोशेचे पाच ग्रंथ सर्वांत वर, त्यांच्या खाली संदेष्टे, असा क्रम ते पाळतात. आणि वापरून जीर्ण झालेला ग्रंथ, ज्यावर परमेश्वराचे नाव लिहिलेले आहे असा कोणताही कागद, ते कधीही रद्दीत टाकीत नाहीत. तो 'गेनिझा' नावाच्या कोठडीत साठवितात व पुढे माणसाला द्यावी तशी त्याला मूठमाती देतात. कैरोजवळील बेन एझ्रा सिनेगॉगची अशी एक कोठडी शतकानुशतके भरतच राहिली. १८९६-९७ साली सॉलोमन शेख्टर हे पंडित तेथे गेले आणि तिच्यातील पावणेदोन लाखांहून अधिक कागद व चर्मपत्रांचे तुकडे केंब्रिजला घेऊन आले. त्यांत प्रार्थना व शास्त्रग्रंथांची पाने होतीच, शिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या यहुद्यांची पत्रेही निघाली. मिरी, पोलाद आणि घरची खुशाली यांविषयीची ती पत्रे केवळ देवाच्या नावाने आरंभ झालेली म्हणून हजार वर्षे जपली गेली.

परंतु ग्रंथाची ही माया पाहावयास कैरोपर्यंत जाण्याचे कारण नाही. कुसगावहून निघून बोरघाट उतरावा, खोपोलीवरून पेणला जावे, तेथून अलिबागचा रस्ता धरावा. हा सारा मुलूख बेने इस्राएलांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचा आहे. किंबहुना 'होता' असेच आता म्हणावे लागते. त्यांच्या ग्रंथनिष्ठेची कथा जगातील इतर यहुद्यांहून वेगळी आहे, कारण शतकानुशतके त्यांच्यापाशी ग्रंथच नव्हता.

त्यांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने ज्यांची प्रेते काठाला आणली त्यांना तेथेच पुरण्यात आले. नवगावची ती जागा बेने इस्राएल आजही पवित्र मानतात. वाचलेल्यांची सारी चीजवस्तू बुडाली, आणि तिच्याबरोबर त्यांचे पवित्र ग्रंथही बुडाले. ही घटना केव्हा घडली याविषयी विद्वानांत एकमत नाही. बेने इस्राएलांचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सामुएल किहीमकर यांनी ती इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, अंतियुख एपिफानेस राजाच्या छळाच्या काळात, घडली असे मानले. आपल्या पूर्वजांना हनुक्काचा सण ठाऊक नव्हता, याकडे ते बोट दाखवितात. तो सण मंदिराच्या पुनःसमर्पणानंतर, म्हणजे इसवी सनापूर्वी १६४ नंतर, सुरू झाला. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये मक्काबींचे ग्रंथ असल्यामुळे तो काळ आपल्याला परका नाही. राजाच्या माणसांनी नियमशास्त्राच्या गुंडाळ्या फाडून जाळल्या, ज्याच्या घरी ग्रंथ सापडला त्याला ठार केले, हे आपण त्यांत वाचतो. किहीमकरांचे अनुमान खरे असेल तर कोकणात उतरलेली ती माणसे ग्रंथासाठी मरण सोसणाऱ्यांचीच भावंडे होत. काही अभ्यासक मात्र त्यांचे आगमन पुष्कळ अलीकडचे मानतात, आणि नवगावच्या वाळूतून लेखी पुरावा निघण्याची आशा कोणी बाळगू नये.

निश्चित एवढे आहे की, अठराव्या शतकात बाहेरच्या जगाला त्यांची नीट ओळख झाली तेव्हा ते कोकणातील गावोगाव तेलाचे घाणे चालवीत होते. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावाच्या नावावरून आडनाव घेण्याची मराठी चाल त्यांनी उचलली होती. दिवेआगरचे ते दिवेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर. आठव्या दिवशी मुलाची सुंता करीत. खवले आणि पर नसलेली मासळी खात नसत. वर्षाचे सण त्यांना ठाऊक होते, पण सणांची हिब्रू नावे विसरली होती. वल्हांडणाच्या दिवसांत आंबट रसाचे भांडे झाकून ठेवीत, म्हणून तो 'अनाशी ढाकण्याचा सण'. प्रायश्चित्ताच्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, दार लावून, उपाशी घरात बसत, म्हणून तो 'दारफाळणीचा सण'. ग्रंथाने दिलेले आचार होते. ते कोणत्या अध्यायात लिहिले आहेत हे सांगणारा कोणी उरला नव्हता.

आणि एक वाक्य होते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला हाक मारून परमेश्वर एकच आहे असे सांगणारे जे हिब्रू वाक्य आहे, त्याला आरंभीच्या शब्दावरून 'शेमा' म्हणतात. त्याचे शब्द अवघे सहा. मूल जन्मले की शेमा, सुंतेच्या वेळी शेमा, लग्नात शेमा, प्रेत उचलताना शेमा. प्रार्थना म्हणून त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते, त्यामुळे सुखाला आणि दुःखाला तेच एक वाक्य पुरवावे लागे. अर्थ कळत असो वा नसो, आईने मुलाला आणि मुलाने नातवाला ते दिले. आपल्या प्रभूला सर्वांत पहिली आज्ञा कोणती असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा त्याने याच वाक्याने उत्तराला आरंभ केला, हे मार्काच्या बाराव्या अध्यायात आहे. नाझरेथच्या सुताराच्या घरी आणि नवगावच्या तेल्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ तेच शब्द उच्चारले जात होते, ही गोष्ट मला सेमिनरीत कोणी सांगितली नव्हती.

पुढे दावीद राहाबी नावाचे एक यहुदी गृहस्थ कोकणात आले. ते नेमके कोण व कोणत्या शतकातले, याविषयी मतभेद आहेत. कोणी त्यांना पुष्कळ जुने मानतात, तर कोणी अठराव्या शतकातील कोचीनचे व्यापारी दावीद एझेकिएल राहाबी तेच हे असे समजतात. शनिवार पाळणारे, शेमा म्हणणारे हे तेली खरोखर आपल्या वंशाचे आहेत काय, अशी त्यांना शंका होती. म्हणून त्यांनी तेथील स्त्रियांपुढे नाना जातींची मासळी ठेवली व ती रांधावयास सांगितले. बायकांनी खवल्यांची व परांची मासळी तेवढी निवडून घेतली, उरलेली बाजूला सारली. राहाबींची खात्री पटली. मग झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तीन तरुणांना त्यांनी हिब्रू वाचावयास शिकविले, आणि हे तिघे व त्यांचे वंशज 'काजी' म्हणून गावोगाव धर्मविधी करू लागले. ज्या समाजाची परीक्षा शास्त्र्यांच्या सभेत न होता चुलीपाशी झाली आणि जिथे उत्तीर्ण झाल्या त्या स्त्रिया, असा दुसरा माझ्या वाचनात नाही.

यानंतरची कथा मुंबईची आहे. घाण्यावरून उठलेले पुष्कळ बेने इस्राएल कंपनी सरकारच्या फौजेत शिरले. त्यांत दिवेकर घराण्यातील सामुएल एझेकिएल, मराठीत समाजी हसाजी, हे देशी अंमलदार होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात, १७८० ते १७८४ च्या दरम्यान, ते टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले. आख्यायिका अशी की, कैद्यांना देहान्त शिक्षा व्हावयाची होती. तुम्ही कोण, असे विचारता त्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. तेव्हा सुलतानाची आई म्हणाली की, हे नाव तर कुराणात आहे, त्या लोकांना आजवर मी पाहिले नव्हते, यांना मारू नका. आख्यायिकेचा शब्दन् शब्द खरा मानण्याचे कारण नाही. परंतु स्वतःचा ग्रंथ हरवलेल्या माणसांना दुसऱ्याच्या ग्रंथातील एका नावाने वाचविले, असे या समाजाने आपल्या मुलांना सांगितले, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सुटून आल्यावर दिवेकरांनी आपला नवस फेडला. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्यांनी बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे हिब्रू नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत. ही त्यांची 'जुनी मशीद', आणि मस्जिद हे रेल्वे स्थानक तिच्याच नावावरून ओळखले जाते असे सांगतात. जवळचा सामुएल स्ट्रीट दिवेकरांच्या नावाचा आहे.

सिनेगॉग उभे राहिले, पण त्याच्या पवित्र कपाटात ठेवावयास तोराची गुंडाळी हवी होती. आपल्याकडे चर्च बांधून झाले आणि पवित्र पेटिका रिकामी राहिली, तर जसे वाटेल तसेच हे. दिवेकर ती गुंडाळी आणण्यासाठी कोचीनला गेले. कोचीनच्या यहुद्यांपाशी ग्रंथ होते, जाणते होते, १५६८ साली बांधलेले सिनेगॉग होते. आणि तेथेच, १७९७ साली, दिवेकरांचे देहावसान झाले. तुरुंगातून जिवंत परतलेला हा सैनिक ग्रंथ आणावयास गेला असता परमुलखात निजला. त्याने बांधलेल्या दयेच्या द्वारातून तोरा आत येताना पाहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही.

एका ग्रंथासाठी एवढा प्रवास का, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर त्या ग्रंथाच्या घडणीत आहे. सेफेर तोरा छापता येत नाही. शुद्ध मानलेल्या पशूच्या कातड्यावर, जाणत्या लेखकाने, शाईने, हाताने ती लिहावी लागते. लिहिताना समोर दुसरी प्रत ठेवावी लागते. पाठ आहे म्हणून स्मरणाने लिहिलेले चालत नाही. मोशेच्या पाच ग्रंथांत मिळून ३,०४,८०५ अक्षरे आहेत आणि त्यांतील एक जरी तुटले वा चुकले तरी ते दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनास अयोग्य ठरते. एक प्रत पुरी व्हावयास वर्ष-दीड वर्ष सहज लागते. पौर्वात्य यहुद्यांच्या प्रथेप्रमाणे ती मढविलेल्या लाकडी पेटीत उभी ठेवतात. ती कपाटातून बाहेर येताच मंडळी उठून उभी राहतात आणि शालीचे टोक तिला टेकवून ते ओठांना लावतात. अक्षरांना उघड्या हाताचा स्पर्श होऊ देत नाहीत. टोकाशी बोट असलेल्या चांदीच्या काठीने ओळ दाखवितात. वर्षभरात चोपन्न भागांत ती संपूर्ण वाचली जाते, आणि शेवटचे वाक्य वाचून झाले की त्याच दिवशी पुन्हा उत्पत्तीचे पहिले पान उघडतात. 'संपले' म्हणून ग्रंथ मिटण्याची वेळच येत नाही.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. गुंडाळीत केवळ व्यंजने असतात. स्वरांच्या खुणा नसतात, विरामचिन्हे नसतात, चाल लिहिलेली नसते. वाचणाऱ्याने ते सर्व आपल्या पोटात घेऊन यावे लागते. अर्धा ग्रंथ चर्मपत्रावर आणि अर्धा माणसाच्या जिभेवर, अशी ही वाटणी आहे. शेमाच्या वाक्यात दोन अक्षरे मुद्दाम मोठी काढतात, एक पहिल्या शब्दाच्या शेवटी व एक शेवटच्या शब्दाच्या शेवटी. हे शेवटचे अक्षर 'दालेत'. दालेत आणि 'रेश' यांत कोपऱ्यातल्या बारीकशा टोकाचाच फरक; चुकून रेश वाचला तर 'एक' या शब्दाचा 'दुसरा' असा अर्थ होईल. परमेश्वर एक आहे म्हणावयाचे आणि दुसरा आहे म्हटले जावयाचे! म्हणून लिहिताना दालेत मोठा आणि म्हणताना लांब.

एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांकडे ग्रंथ परत आला तो दोन वाटांनी. एक वाट कोचीनची. तेथून आलेल्या शिक्षकांनी व हज्जानांनी त्यांना हिब्रू वाचन, चाली व विधी शिकविले. त्यांत शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. दुसरी वाट मात्र गमतीची आहे. ती होती ख्रिस्ती मिशनऱ्यांची. अमेरिकन मिशनने कोकणात व मुंबईत शाळा काढल्या, जुना करार मराठीत आणला. १८२९ साली मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले, ते मुख्यतः बेने इस्राएलांसाठी. हेतू अर्थात धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, मराठी बायबल घेतले, शाळेत मुले-मुली धाडल्या, आणि आपला धर्म अधिक घट्ट धरला. धर्मांतर करणारे अगदी मोजके निघाले. मिशनऱ्यांना यामुळे वाईट वाटले असेल. मला आज या सौद्यात कोणाचे नुकसान झालेसे दिसत नाही. प्रॉटेस्टंट बंधूंनी केलेले हे काम आपण कॅथलिकांनी त्या काळात केले नाही, हेही मान्य केले पाहिजे. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापले आणि त्याच्या पहिल्या पुराणात आदाम, आब्राहाम, मोशे यांच्या कथा ओवीत बांधल्या. कोकणातल्या तेल्यांच्या पूर्वजांची कथा त्यांच्याच बोलीच्या शेजारी राहणाऱ्या मराठीत! पण ते पुस्तक रोमन लिपीत होते आणि गोवा पोर्तुगीजांचा, जेथे धर्मन्यायालयाच्या भयाने यहुदी पाऊल टाकीत नसे. ती ओवी त्यांच्या कानी पडलीच नाही.

मग बेने इस्राएलांनी स्वतः लेखणी हाती घेतली. मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे दीर्घकाळ मुख्याध्यापक असलेले जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४ ते १९०५) यांनी यहुद्यांची प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. काजी घराण्याच्या आडनावाचा हा माणूस मुंबई विद्यापीठात हिब्रूचा परीक्षकही होता. किहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. त्यांनी लिहिलेला समाजाचा इतिहास १८९७ मध्ये पूर्ण झाला, पण तो छापून निघाला तो १९३७ साली, तेल अवीवमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.

या साऱ्या वाङ्मयात माझे सर्वांत आवडते पुस्तक पुण्याचे आहे. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाच्या ग्रंथाला 'हग्गादा' म्हणतात. मुंबईत तो हिब्रू-मराठीत १८४६ सालीच निघाला होता. १८७४ मध्ये मोझेस जेकब तळकर व आरोन डॅनिएल तळकर यांनी पुण्यात एक सचित्र हग्गादा सिद्ध केला. छापखाना होता विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. यहुद्यांच्या सुटकेची कथा, पुण्याच्या पेठेत, एका अग्निहोत्र्याच्या यंत्रावर छापली गेली! त्यातील एका चित्रमालेत बेखमीर भाकरीची सिद्धता दाखविली आहे. लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पीठ मळताहेत, भाकऱ्या लाटून भाजताहेत. मिसर देशातून बाहेर पडण्याची घाई आहे, पण बैठक आपल्या कोकणातल्या ओटीवरची आहे. मोशेचे ग्रंथ वाचताना आपण मनात जे वाळवंट रंगवितो, त्यात अशी एखादी ओळखीची बाई मला कधी दिसली नव्हती.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी १८८० पासून बेने इस्राएलांनी कीर्तन सुरू केले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातील अग्रणी. मराठी कीर्तनाच्या चालींवर, साथीला वाद्ये घेऊन, आब्राहामाची, योसेफाची, मोशेची आख्याने होऊ लागली. ही कला आता जवळजवळ लोपली असली तरी इस्राएलमध्ये वृद्ध बेने इस्राएल स्त्रिया ती गीते अजून गातात.

सर्वच काळ असा सुखाचा नव्हता. बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी येथे स्थायिक झाले. पुण्याचे लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी आरंभलेले व १८६७ साली पूर्ण झालेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग, त्यांचेच. त्यांपैकी पुष्कळांना बेने इस्राएलांच्या यहुदीपणाविषयी शंका असे, आणि तिचा प्रत्यय नेमका तोरापाशी येई. बेने इस्राएल पुरुषाला वाचनासाठी पुढे बोलावयाचे की नाही? दहा पुरुषांच्या गणतीत धरावयाचे की नाही? रंगूनच्या सिनेगॉगमधील असा वाद १९३० च्या दशकात न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला. पुण्यात त्यांनी रास्ता पेठेत १९२१ साली सुक्कथ शेलोमो हे आपले वेगळे सिनेगॉग बांधले.

इस्राएल राष्ट्र झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. तेथेही १९६२ साली धर्मपीठाने त्यांच्या विवाहांविषयी चौकशीचे नियम लावले. तुमच्या पूर्वजांना तालमूद ठाऊक नव्हता, घटस्फोटाचे शास्त्र ठाऊक नव्हते, मग तुमचे विवाह शुद्ध कशावरून, असा आक्षेप होता. ग्रंथ समुद्रात बुडाल्याची शिक्षा जणू दोन हजार वर्षांनी नातवंडांना होत होती. त्यांनी मुलाबाळांसह जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानले आणि धर्मपीठाने आपला नियम बदलला. धर्मसत्तेत वावरणाऱ्या माझ्यासारख्याने हा प्रसंग अधूनमधून आठवावा, असे मला वाटते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, आपल्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने यहुद्यांविषयीची शतकांची कटुता दूर सारणारा दस्तऐवज मंजूर केला, आणि पवित्र शास्त्र श्रद्धावंतांच्या हाती मोकळेपणाने देणारा दुसराही.

स्वातंत्र्याच्या सुमारास येथे वीस हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते. आज साऱ्या भारतात सर्व प्रकारचे यहुदी मिळून चार-पाच हजार उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथील एकोणिसाव्या शतकातील सिनेगॉग उभे आहेत, पण सण सोडले तर दहा पुरुष जमणे कठीण.

हे मी पाहून आलो. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी कोकणातील एका सिनेगॉगमध्ये मला येऊ देण्यात आले. आदल्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळ्यास गेलो होतो. एलिया संदेष्ट्याचा अग्निरथ तेथे टेकला होता, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे, आणि खडकावरील खुणांपाशी ते मलिद्याचा नवस फेडतात. (आमच्या शेजारचे खंडाळे ते नव्हे, लोणावळ्याला येऊन रथाची खूण विचारणारे पाहुणे मला भेटले आहेत.) सकाळी सिनेगॉगमध्ये सात पुरुष होते, बहुतेक साठीच्या पुढचे. तेथील वृद्ध गृहस्थ दारापाशी उभे राहून रस्त्याकडे पाहत होते. माझ्याकडे वळून ते हसून म्हणाले, "फादर, तुम्हांला धरून आठ होतात, पण तुम्हांला धरता येत नाही ना!"

दहा पुरुष नसतील तर तोरा काढून वाचता येत नाही. पाऊण तास वाट पाहिली. आठवा आला, एक तरुण मुलगा, पाठीवर पिशवी. नववा आलाच नाही. तेव्हा वृद्धांनी पवित्र कपाटाच्या पडद्याला हात लावून तो ओठांना टेकविला आणि छापील पुस्तकातून त्या आठवड्याचा भाग हिब्रूत वाचला. मराठी त्या मुलाने वाचले. त्याचे उच्चार शहरी होते आणि 'ळ' अडखळत होता, पण कोणी त्याला थांबविले नाही. पडद्याआड गुंडाळ्या तशाच उभ्या होत्या.

मग शेमाची वेळ आली. तिला दहांची गरज नसते. सर्वांनी उजव्या हाताने डोळे झाकले. मीही झाकले आणि सेमिनरीत घोकलेले ते सहा शब्द हळूच पुटपुटलो. बाहेर पडताना वृद्ध गृहस्थ माझ्या शेजारी चालत होते.

"फादर, शब्द बरोबर म्हणालात," ते म्हणाले, "पण शेवटचा दालेत तोडलात. तो लांबवायचा. आमची आजी म्हणायची, तिला अक्षर ओळखत नव्हतं, तरी ती म्हणायची, दम संपेपर्यंत सोडायचा नाही."

आणि फाटकापाशी उभे राहून त्यांनी तो मला तीनदा म्हणून दाखविला.